पट्टीवरची बुरशी

ग्लुकोमीटर घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार यंत्राबद्दल सांगतो: पडदा केवढा, किती नोंदी साठतात, मोबाइलला जोडता येते की नाही. पट्टीचा विषय निघतो तो किमतीपुरता. मोजमाप मात्र पट्टीवरच होते. तिच्या टोकाच्या बारीक खोबणीत रक्ताचा थेंब ओढला जातो. तिथे वाळवून ठेवलेले एक प्रथिन ग्लुकोजच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन काढून घेते, ते एका मध्यस्थ रसायनाच्या हाती सोपवते, आणि यंत्र तो इवलासा विद्युतप्रवाह मोजून आकडा दाखवते. हे प्रथिन म्हणजे विकर, म्हणजेच एन्झाइम. ते मुळात कोणा रसायनतज्ज्ञाने घडवलेले नसते. एखाद्या बुरशीने किंवा जिवाणूने ते स्वतःच्या पोटासाठी किंवा संरक्षणासाठी तयार केलेले असते. माणसाने ते हुडकले, वाढवले, अलीकडे थोडेफार बदललेही.

हे पुस्तक त्या हुडकण्याचे आहे. मधुमेहावर मराठीत लिहिणाऱ्यांनी आहार, व्यायाम, औषधे, पायांची निगा यांवर पुष्कळ लिहिले. पट्टीवर काय लावलेले असते आणि ते कुठून आले, याकडे मात्र फारसे कुणी वळले नाही. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट ठसवायची आहे. रक्तातल्या साखरेसाठी विकर शोधणे म्हणजे ग्लुकोजवर झडप घालणारे विकर शोधणे, असे वरवर वाटते. तशी विकरे बरीच सापडतात. दुर्मीळ असते ते ग्लुकोज सोडून बाकी कशाकडेही ढुंकून न पाहणारे विकर. या क्षेत्राच्या साठ-सत्तर वर्षांत जे काही चुकले आणि जे साधले, ते बहुतेक या एका कसोटीवर.

विकरे येण्याआधी लघवीतली साखर तपासायचे साधन म्हणजे बेनेडिक्टचे द्रावण. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या बहुतेकांनी परीक्षानळीत त्याचा निळा रंग हिरवा, पिवळा आणि शेवटी विटकरी होताना पाहिला असेल. या तांब्याच्या द्रावणाला ग्लुकोज ओळखता येत नाही. जी शर्करा तांब्याचे क्षपण करील तिला ते दाद देते. बाळंतिणीच्या लघवीत उतरलेले लॅक्टोजही त्याला साखरच वाटे. शिवाय नळी तापवायची, थेंब मोजायचे, हा सगळा खटाटोप प्रयोगशाळेचा.

ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर तोवर माहीत झालेले होते. कोपनहेगनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ डेटलेव्ह म्युलर यांनी 1928 मध्ये बुरशीच्या अर्कात ते दाखवून दिले होते: ग्लुकोज, हवेतला ऑक्सिजन, आणि त्यांतून ग्लुकोनोलॅक्टोन व हायड्रोजन पेरॉक्साइड. वैद्यकाला त्याचे काही सोयरसुतक नव्हते. मग दुसरे महायुद्ध आले, पेनिसिलिनची धावपळ सुरू झाली आणि पेनिसिलियम बुरशीचे अर्क जो तो तपासू लागला. त्या अर्कांत पेनिसिलिनखेरीज जिवाणू मारणारे आणखी काही तरी आहे, हे ब्रिटन आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या गटांच्या लक्षात आले. कुणी त्याला नोटॅटिन म्हटले, कुणी पेनॅटिन, कुणी पेनिसिलिन बी. नवे प्रतिजैविक हाती लागले अशी आशा पालवली. निघाले मात्र म्युलरचे जुनेच विकर. माध्यमात ग्लुकोज असल्यामुळे ते पेरॉक्साइड तयार करत होते आणि जिवाणू त्या पेरॉक्साइडने मरत होते. औषध म्हणून ते कुचकामी ठरले, कारण प्राण्यांनाही ते घातक होते. (मधमाशीच्या ग्रंथींतही ग्लुकोज ऑक्सिडेज असते. मध पाण्याने पातळ झाला की ते कामाला लागते, आणि मधाच्या जंतुनाशक गुणातला एक वाटा त्याच्या पेरॉक्साइडचा आहे. जखमेला मध लावणाऱ्या आजीबाईंना हे नाव ठाऊक असायचे कारण नव्हते.)

औषध म्हणून नापास झालेली ही गोष्ट केंब्रिजच्या डेव्हिड केलिन आणि एडवर्ड हार्टरी यांनी मोजपट्टी म्हणून वापरायला घेतली. 1948 मध्ये त्यांनी या विकराचे गुणधर्म आणि त्याच्या साह्याने ग्लुकोज मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. विकराचा हट्टीपणा त्यांनी नीट पाहिला होता. पाण्यात ग्लुकोजचे दोन अवतार असतात, आल्फा आणि बीटा, आणि हे एकमेकांत सावकाश बदलत राहतात. ग्लुकोज ऑक्सिडेज त्यांतला बीटाच उचलते. आल्फाकडे ते जवळजवळ पाहतही नाही. मग मॅल्टोज किंवा गॅलॅक्टोजची काय कथा! एवढे सोवळे विकर पहिल्याच फेरीत हाती लागावे, हे या क्षेत्राचे मोठे भाग्य. पुढच्या पिढ्यांना त्याची किंमत उशिरा कळली.

यानंतरचा टप्पा अनेक ठिकाणी सांगितला गेला आहे, म्हणून थोडक्यात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील एल्कहार्ट गावी, माइल्स कंपनीच्या एम्स विभागात, अल्फ्रेड आणि हेलन फ्री या रसायनतज्ज्ञ दांपत्याने ग्लुकोज ऑक्सिडेज, पेरॉक्सिडेज आणि रंग बदलणारे रसायन एकाच कागदी पट्टीवर बसवले. 1956 मध्ये आलेली ती क्लिनिस्टिक्स लघवीत बुडवायची आणि बाहेर काढून रंग पाहायचा. 1960 च्या दशकाच्या मध्यात त्याच विभागातून रक्तासाठी डेक्स्ट्रोस्टिक्स आली. टपोरा थेंब पट्टीवर ठेवायचा, मिनिटभर थांबायचे, पाण्याने धुवायचे आणि रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. 1970 च्या सुमारास तो रंग वाचणारे किलोभर वजनाचे यंत्र निघाले, पण ते डॉक्टरांसाठी. रिचर्ड बर्नस्टाइन हे लहानपणापासून मधुमेह असलेले अमेरिकन अभियंते. त्यांना ते विकत मिळेना, म्हणून डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावाने त्यांनी ते घेतले. स्वतःची साखर दिवसातून अनेकदा स्वतःच मोजणाऱ्यांतले ते अगदी पहिल्या काहींपैकी. आपले म्हणणे डॉक्टर मंडळी ऐकेनात, तेव्हा पंचेचाळिशीत त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. त्यांची गोष्ट स्वतंत्र पुस्तकाची आहे. इथे ती आली ती एवढ्यासाठी की मोजमाप रुग्णाच्या हाती गेले तसे विकराकडून असलेल्या अपेक्षा बदलल्या. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ असतो, ठरलेले तापमान असते, रक्तातला द्रव वेगळा काढलेला असतो. घरी यांतले काही नसते.

दुसरा प्रवाह विजेचा. लेलंड क्लार्क यांनी 1962 मध्ये आपल्या ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेजचा थर बसवायची कल्पना मांडली: विकराने जितका ऑक्सिजन खर्च केला, तितके ग्लुकोज होते. कल्पना देखणी, पण तिच्यातच अडचणीचे मूळ होते. आकडा ऑक्सिजनवर अवलंबून राहतो, आणि बोटाच्या थेंबातला, शिरेतला, धमनीतला ऑक्सिजन सारखा नसतो. डोंगरावर तो कमी, अतिदक्षता विभागात नळी लावलेल्या रुग्णात जास्त. 1980 च्या दशकात ऑक्सफर्ड आणि क्रॅनफील्ड इथल्या संशोधकांनी फेरोसीन नावाचा लोहयुक्त मध्यस्थ वापरला. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला न देता विकराने फेरोसीनला द्यावेत आणि त्याने ते इलेक्ट्रोडवर पोहोचवावेत, अशी योजना. त्यातूनच 1987 मध्ये पेनाच्या आकाराचा ग्लुकोमीटर बाजारात आला. तरी ग्लुकोज ऑक्सिडेज ते ऑक्सिडेजच. शेजारी ऑक्सिजन दिसला की काही इलेक्ट्रॉन तिकडे वळणार. ऑक्सिजन जास्त असेल तर आकडा खोटा कमी येतो.

म्हणून शोध सुरू झाला ऑक्सिजनला अजिबात न ओळखणाऱ्या विकरांचा. त्यांना डिहायड्रोजनेज म्हणतात. इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

नॉर्वेचे येन्स हाउगे यांनी 1964 मध्ये एका जिवाणूतल्या ग्लुकोज डिहायड्रोजनेजचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज त्या जिवाणूला असिनेटोबॅक्टर कॅल्कोअॅसेटिकस म्हणतात. विकराच्या गाभ्यात मदतनीस म्हणून बसलेला रेणू आजवर माहीत असलेल्यांपैकी नाही, हे त्यांनी ओळखले. त्याची रचना कळायला 1979 उजाडले, आणि त्याला पीक्यूक्यू हे नाव मिळाले. हे विकर विलक्षण चपळ. ग्लुकोज ऑक्सिडेजच्या कित्येक पट वेगाने ते ग्लुकोज हाताळते आणि ऑक्सिजनची त्याला गरज नाही. पट्टी बनवणाऱ्यांना आणखी काय हवे होते? कमी रक्त, कमी वेळ. थेंब मायक्रोलिटरच्याही खाली आला, उत्तर पाच सेकंदांत येऊ लागले.

फक्त ते सोवळे नव्हते. मॅल्टोजवरही ते जवळजवळ ग्लुकोजइतक्याच उत्साहाने तुटून पडे, गॅलॅक्टोज आणि झायलोजवरही चाले. हा दोष लपलेला नव्हता, विकराच्या अभ्यासकांना तो ठाऊक होता. त्यावरचे उत्तर असे की निरोगी माणसाच्या रक्तात मॅल्टोज नसतेच. हे खरे होते. पण ग्लुकोमीटर निरोगी माणसासाठी बनत नाही. मधुमेहाने ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, त्यांतल्या काहींना पोटाच्या पोकळीतून डायलिसिस दिले जाते, आणि त्यातल्या एका द्रावात आयकोडेक्स्ट्रिन असते. शरीरात त्याचे तुकडे होतात आणि मॅल्टोज व तत्सम शर्करा रक्तात फिरू लागतात. काही इम्युनोग्लोब्युलिन इंजेक्शनांतही मॅल्टोज असते. अशा रुग्णाच्या रक्तात ग्लुकोज धोक्याइतके उतरलेले असताना मीटर तीनशे दाखवणार. परिचारिका तो आकडा पाहून इन्सुलिन देणार, ग्लुकोज आणखी उतरणार आणि मीटर तरीही तीनशेच म्हणत राहणार. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट 2009 मध्ये जाहीर इशारा दिला. त्यात 1997 ते 2009 या काळातल्या अशा 13 मृत्यूंच्या नोंदी होत्या.

हा अपघात होता असे मला वाटत नाही. विकर निवडताना प्रश्नच अपुरा विचारला गेला. ग्लुकोजवर वेग किती, पट्टीवर किती टिकते, किंमत काय, हे विचारले गेले. हे विकर ज्याच्या रक्तात उतरणार त्याला आणखी कोणकोणती औषधे चालू असतील, हे शोधाच्या पहिल्या दिवशी कुणी टेबलावर ठेवले नाही. सूक्ष्मजीवांचा शोध हा नेहमी विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर देतो, त्याहून काकणभर जास्त नाही.

पुढचा अध्याय जपानचा, आणि तो सोयाबीनच्या सॉसपासून सुरू होतो. सोया सॉस, मिसो, साके हे सगळे अॅस्परजिलस ओरायझी या बुरशीच्या जोरावर होते. वाफवलेल्या तांदळावर किंवा सोयाबीनवर ती चढवतात आणि तिला कोजी म्हणतात. तिकडे शतकानुशतके ती जपलेली, तिची असंख्य वाणे निवडलेली. या बुरशीतल्या एका ग्लुकोज डिहायड्रोजनेजचे सविस्तर वर्णन 1967 मध्येच छापून आले होते. मजा अशी की बुरशी ते सहजासहजी बनवत नसे. वाढीच्या द्रवात हायड्रोक्विनोनसारखी रसायने घातली की ती त्याची निर्मिती करू लागे. अशा बुरशीजन्य विकरांच्या मूळ कामाबद्दल एक कयास आहे: वनस्पती बचावासाठी क्विनोन सोडतात, आणि बुरशी ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन वापरून त्यांना निष्प्रभ करते. आपण मोजमापासाठी जे वापरतो ती तिची ढाल असावी. हे विकर ऑक्सिजनला ओळखत नाही आणि मॅल्टोजलाही जवळजवळ दाद देत नाही. म्हणजे नेमके जे हवे होते ते. तरीही ते कित्येक दशके शोधनिबंधातच पडून राहिले. गरज निर्माण झाली तेव्हा जुने अंक उघडले गेले आणि अॅस्परजिलसच्या जाती नव्या नजरेने तपासल्या गेल्या. आज बाजारातल्या अनेक पट्ट्यांवर या कुळातली विकरे आहेत. एफएडी हा मदतनीस रेणू असलेली म्हणून त्यांना एफएडी-जीडीएच म्हणतात.

त्यांचाही एक लहानसा मोह आहे: झायलोज. आतड्याच्या शोषणशक्तीच्या तपासणीत रुग्णाला झायलोज पाजतात, तेव्हा आकडा फुगू शकतो. इथे किक्कोमन या सोया सॉसच्या जुन्या घराण्यातल्या संशोधकांनी अॅस्परजिलस सोडून दुसऱ्या बुरशांकडे मोर्चा वळवला. म्युकर प्रेनीआय या बुरशीतले, झायलोजकडे फारसे लक्ष न देणारे विकर त्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केले. म्युकर म्हटले की महाराष्ट्रातल्या वाचकाला 2021 चा उन्हाळा आठवेल. कोविडनंतर डोळे आणि जबडे गमावलेल्या, बहुतांशी मधुमेही रुग्णांना ज्या कुळातल्या बुरशांनी ग्रासले, त्याच कुळातली ही एक.

शोधाची प्रत्यक्ष रीत पुस्तकात विस्ताराने आली आहे. ती वाचताना एका गोष्टीकडे लक्ष असू द्यावे: त्यात फेटाळण्याच्या पायऱ्या किती आहेत. माती किंवा कुजलेला पाला आणायचा, त्यातले सूक्ष्मजीव वेगळे वाढवायचे, पेशी फोडून अर्क काढायचा, त्यात ग्लुकोज आणि एक निळा रंग घालायचा. विकर असेल तर रंग उडतो. हौशी माणूस इथेच आनंदतो. मुरलेला संशोधक लगेच तोच अर्क मॅल्टोजवर, झायलोजवर, गॅलॅक्टोजवर लावतो आणि रंग उडू नये अशी वाट पाहतो. मग अर्क पन्नास-साठ अंशांवर तापवायचा आणि किती शाबूत राहिले ते पाहायचे. या चाळणीतून जे उरते त्याचे जनुक काढून एखाद्या सोप्या जिवात बसवतात. तिथेही कटकटी असतात. बुरशीचे विकर यीस्टमध्ये बनवले तर यीस्ट त्याला शर्करांच्या लांबलचक साखळ्या चिकटवते. जिवाणूत बनवले तर कधी त्याची घडीच नीट बसत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत हुशारीचे वाटते ते एचबीए1सीच्या विकराचे उदाहरण. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ही तपासणी हिमोग्लोबिनला चिकटलेल्या ग्लुकोजची असते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे टोक व्हॅलिन आणि हिस्टिडिन या दोन अमिनो आम्लांचे, आणि ग्लुकोज त्या व्हॅलिनला जडलेले. हे विकराने मोजायचे तर टोकाचा तुकडा आधी कापून सुटा करावा लागतो. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत असलेली विकरे एकेकट्या अमिनो आम्लाला चिकटलेली साखर ओळखत. दोन आम्लांच्या तुकड्यापाशी ती अडत, आणि त्याचे आणखी तुकडे करणे जिकिरीचे होते. तेव्हा संशोधकांनी नेमका तो दुहेरी तुकडाच आमिष म्हणून घेतला आणि त्याच्यावर चालणारे विकर बुरशांमध्ये शोधले. 2003 मध्ये कोनिओकीटा आणि युपेनिसिलियम या बुरशांतली अशी विकरे प्रसिद्ध झाली. मातीतल्या बुरशीला हिमोग्लोबिनशी काय देणेघेणे? काहीच नाही. पण कुजणाऱ्या पदार्थांत साखर आणि प्रथिने एकमेकांना चिकटतातच, आणि ते खाऊन जगणारे कुणी तरी असतेच.

आता आपल्याकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार 2021 साली देशात 10.1 कोटी मधुमेही होते, आणि प्रमाणात सर्वांत वर होता गोवा: 26.4 टक्के. बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर लिहिलेले असते की 30 अंशांखाली ठेवा आणि झाकण घट्ट लावा. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याच्या पत्र्याच्या घरात हे कसे करायचे? आणि जुलैत रत्नागिरीला झाकण पाच मिनिटे उघडे राहिले, तर आत शिरणाऱ्या दमटपणाचे काय? समशीतोष्ण देशांच्या सवयीने लिहिलेल्या या अटी आपल्या हवामानाला जाचतात. म्हणून उष्णता आणि ओल सोसणारे विकर ही आपल्यासाठी चैन नव्हे. जपानमध्ये कोजी सोदे यांच्या गटाने गरम झऱ्याजवळच्या मातीतल्या बर्खोल्डेरिया जिवाणूतून उष्णता सोसणारे ग्लुकोज डिहायड्रोजनेज मिळवले. पुढे लक्षात आले की त्याला स्वतःचीच इलेक्ट्रॉन वाहून नेणारी शेपटी आहे, त्यामुळे मध्यस्थ रसायनाशिवायही ते इलेक्ट्रोडशी थेट बोलू शकते. हे कुणी मागितलेले नव्हते, फुकट मिळाले.

गरम झरे आपल्याकडेही आहेत: तुरळ, उन्हवरे, वज्रेश्वरी. लोणारचे खारट, कमालीचे अल्कधर्मी सरोवर आहे आणि त्यातल्या सूक्ष्मजीवांवर बरेच काम झाले आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा जुना संग्रह आहे, आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात त्याहून कितीतरी मोठा. तरीही ‘लोणारमध्ये चमत्कारी विकर दडलेले आहे’ अशा बातम्यांचा मला कंटाळा आहे. विकर कुठेही दडलेले असू शकते, अगदी सोया सॉसच्या वाणातही. उणीव असते ती नीट विचारलेल्या प्रश्नाची आणि तो दहा-पंधरा वर्षे लावून धरणाऱ्या संस्थेची. जपानच्या कंपन्यांकडे बुरशी होती हे खरे, पण त्यांच्याकडे वाणांच्या जुन्या वह्याही होत्या.

हल्ली मातीपेक्षा संगणकात जास्त खणले जाते. हजारो बुरशांचे जनुकसंच वाचून झाले आहेत. ओळखीच्या विकराशी साम्य असलेले जनुक शोधायचे, ते कृत्रिमरीत्या बनवून घ्यायचे आणि तपासायचे. एकेक अमिनो आम्ल बदलून मॅल्टोजचा मोह कमी केलेली पीक्यूक्यू विकरेही झाली. पण साम्य शोधणारा संगणक ओळखीच्या विकरांची भावंडेच दाखवतो. बर्खोल्डेरियाची शेपटी आधी कुणाला ठाऊक नव्हती, त्यामुळे ती कोणत्याही शोधयादीत नसती. माती चाळणे बंद करू नये असे मला वाटते ते यामुळे. दंडावर चिकटवून चौदा दिवस साखर मोजत राहणाऱ्या सेन्सरमध्ये गंमत म्हणजे पुन्हा ते जुने ग्लुकोज ऑक्सिडेजच बहुधा असते. कातडीखाली इतके दिवस टिकायचे तर चपळाईपेक्षा चिवटपणा लागतो, आणि त्यात म्हाताऱ्याला मागे टाकणारे अजून फारसे कुणी आलेले नाही.

वाचकांसाठी एक व्यावहारिक सूचना. रसायनशास्त्राची धास्ती असलेल्यांनी इलेक्ट्रॉनच्या प्रवासाचे प्रकरण सरळ ओलांडून पुढे जावे, पुढचे सगळे त्याशिवाय कळते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी चाळणीच्या पद्धतींचे प्रकरण आधी वाचावे आणि त्यातले मॅल्टोजचे तक्ते वगळू नयेत. आणि ज्यांच्या घरी पोटातून डायलिसिस चालू आहे त्यांनी पुस्तक नंतर वाचावे. आधी आपल्या पट्टीच्या डबीतला कागद उलगडून तिच्यावर कोणते विकर आहे ते पाहावे आणि डॉक्टरांना विचारावे.